घोडेस्वाराची नस

हनुमंतराव काटकरांच्या घरी कुणी पाहुणा आला, की कापीचा, म्हणजे कॉफीचा, डबरा-पेला हातात पडायच्या आत त्याला एक पाय बघावा लागे. पाय हनुमंतरावांचाच, डावा. पाहुण्याला बसवायचं, नेसूची वेष्टी गुडघ्यापर्यंत उचलायची, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवायचा आणि पोटरी थेट त्याच्या नाकासमोर आणायची. घोट्याच्या आतल्या अंगानं निघालेली, करंगळीएवढी जाड, निळीहिरवी नस वळसे घेत गुडघ्यामागं जाऊन नाहीशी व्हायची. वाटेत तीन गाठी.

"बघितलंत कां? हात लावून बघा, भिऊं नका. घोडेस्वाराची नस म्हणतात हिला. काटकरांच्या घराण्याशिवाय दुसरीकडं मिळायची नाही."

मिळायची नाही कशी? तंजावरच्या जुन्या बस स्टँडवर अर्धा तास उभं राहिलं, तर दोसे घालणाऱ्यापासून कंडक्टरापर्यंत दहा पायांवर मिळेल. पण ती बघायची तर मान खाली घालावी लागते, आणि हनुमंतरावांची मान घराण्याच्या नावानं कायम वर. राजवाड्याच्या मागल्या बोळात तीन खोल्यांचं घर, छपराला गळती, दाराला कडी नाही. पण नस होती ना! बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथं तर वासासुद्धा भाड्याचा होता.

आजोबांनी सांगितलेलं शास्त्र असं. मूळ पुरुष राजांच्या फौजेतून घोड्यावर बसून तंजावरास आले. दिवस दिवस घोड्याचं पोट पोटऱ्यांत आवळून धरायचं, त्यानं पायातली नस फुगून वर आली ती आलीच. पुढं बापाकडून मुलाकडं उतरत गेली. मुलांकडंच बरं का, मुलींकडं नाही. कारण बायका कुठं घोड्यावर बसत होत्या! बोला आता. ह्या शास्त्रापुढं कुठला डॉक्टर टिकणार?

खुद्द हनुमंतराव जन्मात एकदाच घोड्यावर बसले. नवव्या वर्षी, वेळांकण्णीच्या समुद्रकाठी. दहा पावलांत त्यांनी असा भोंगा पसरला, की घोडेवाल्यानंच त्यांना कडेवर घेऊन आईकडं आणून दिलं. त्यानंतर त्यांचं वाहन म्हणजे मोपेड, आणि तीही चढावर ढकलावी लागे.

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोडी कागद होता. सनद आहे म्हणून हनुमंतराव सांगत. मोडी राहूं द्या, त्यांना साधी बाळबोध अक्षरं लागत नव्हती. शाळा सगळी तमिळमधून झालेली. त्यांची एकुलती लेक विनुता पापनाशमच्या शाळेत इतिहास शिकवायची. तिनं एकदा कागदाचा फोटो काढून मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून वाचून घेतला. कागदात काटकर होते. घोडेही होते. फक्त काटकर घोड्यांवर नव्हते, पागेत घोड्यांना पाणी पाजायला उभे होते. विनुतानं ऐकून घेतलं, फोटो पुसून टाकला आणि घरी गप्प राहिली. गप्प राहायची तिला सवय होती, कारण ती नस तिच्याही पायावर होती.

तीच नस, तेच वळसे. बापाच्या पायावर दागिना आणि लेकीच्या पायावर डाग. अठराव्या वर्षी कॉलेजातून आल्यावर पाय भरून यायला लागले तेव्हा तिनं बापाला सांगितलं होतं, "अप्पा, माझ्या पायावर पण तसंच उठलंय." हनुमंतराव पोट धरून हसले. "तुला कसली ती नस? मुलींना होत नाही म्हणून आजोबा सांगून गेले की. वजन कमी कर जरा." विनुताचं वजन तेव्हा चव्वेचाळीस किलो होतं. आई अंबाबाईंनी मात्र तिला आत नेऊन सलवार वर करून बघितली, कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं, "कुणाला दाखवूं नको. लग्न होऊं दे, मग बघूं." त्या दिवसापासून आठ वर्षं विनुताच्या पायाचा घोटा बोळात कुणी पाहिला नाही.

नोकरी लागल्यापासून रोज पापनाशमची बस उभ्यानं, मग सहा तास वर्गात उभ्यानं. संध्याकाळी पाय भिजल्या पोत्यासारखे जड. आडि महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, एका शनिवारी ती एकटीच मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली. बाईंनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, "गोळीनं जाणार नाही हे, पण लेझरनं एका दिवसाचं काम आहे. उद्या लग्न होईल, पोटात बाळ असताना ह्या नसा आणखी फुगतात. आधी करून घे. घरचं कुणीतरी घेऊन ये."

घरचं कुणीतरी! अंबाबाई ऐकूनच उखडल्या. "वेड लागलं कां तुला? त्रिचीचं स्थळ पक्कं होत आलंय. आजार आहे म्हणून कळलं तर उंबरा चढतील कां ते?" शिवाय मोठी अडचण दुसरीच होती. लेकीच्या पायावरचा आजार ठरला, तर बापाच्या पायावरचाही आजारच ठरणार. मग हनुमंतरावांना सांगणार कोण, की सात पिढ्या तुम्ही दुखणं मिरवत आलात? घोडं अडलं होतं ते इथं. बापानं एकदा आजार म्हटल्याशिवाय पोरीच्या पायाला औषध नाही, आणि बाप तर तो शब्द तोंडातून काढायला तयार नाही.

दुकानातही तीच तऱ्हा. गावातल्या एका मोठ्या पट्टू, म्हणजे रेशमी, साड्यांच्या दुकानात हनुमंतराव दुसऱ्या मजल्याचे सुपरवायझर. एकोणतीस वर्षं सकाळी साडेनवापासून रात्री नवापर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभे. "काटकर दरबारात उभे राहिले, बसले नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दरबार म्हणजे कुठला ते आपल्याला आता ठाऊक झालंय, पण असो. पुढं तमिळनाडूत कायदा झाला, की दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा दिलीच पाहिजे. मालकानं मुकाट्यानं दर मजल्याला स्टुलं पाठवली. हनुमंतरावांनी एकावर टेबलफॅन ठेवला, एकावर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, तसबीर आणि दिवा, उरलेल्यांवर साड्यांचे डबे रचले. "सरकारनं स्टूल द्या म्हणून सांगितलंय. बसा म्हणून कुठं सांगितलंय?"

सगळ्या पोरी उभ्या राहायच्या. एक संगीता सोडून. संगीता तेरा वर्षांची जुनी विक्रेती, तोंडानं तिखट. गिऱ्हाईक गेलं की डबे खाली उतरवून सरळ स्टुलावर बसायची आणि दुसऱ्या स्टुलावर पाय पसरायची. पायांत गुडघ्यापर्यंत चढवलेले घट्ट तपकिरी मोजे.

"चित्तिरैच्या उन्हात मोजे कसले घालतेस?" हनुमंतराव डाफरले.

"डॉक्टरनं दिलेत, सार. पायातलं रक्त वर चढवायला नसांमध्ये झडपा असतात. त्या सैल झाल्या की रक्त खाली साचून नस फुगते. उभं राहून राहून होतं, आईबापाकडूनही येतं. तुमच्या पायाचं तेच आहे. जाऊन दाखवा एकदा."

"तुझं दुखणं असेल ते. माझं घराणं आहे," हनुमंतराव म्हणाले आणि पिळ्ळैयारच्या स्टुलाजवळ जाऊन आणखी ताठ उभे राहिले.

घराण्यानं मात्र त्या उन्हाळ्यापासून रंग दाखवायला सुरुवात केली. घोट्यावरची कातडी तपकिरी झाली, चिंचेचं पाणी सांडून वाळल्यासारखी. मग खाज. संध्याकाळी पाय एवढा सुजायचा की चपलेचा पट्टा बसायचा नाही. हनुमंतरावांनी काय म्हणावं? "खोगिराचा घट्टा तो. आजोबांनाही होता." आजोबांना होता हे खरं. त्या घट्ट्याची पुढं जखम झाली आणि म्हातारा शेवटची सहा वर्षं पायाला फडकं गुंडाळून ओट्यावर बसून होता, हेही खरं. पण ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची नसते.

आवणी महिना, आपला भाद्रपद, सरता सरता खाजवून खाजवून घोट्याच्या वर चिंचोक्याएवढी जखम पडली. कस्तुरी हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला. एका मालिशवाल्यानं एरंडेल लावून पाय असा रगडला, की दोन दिवस हनुमंतराव भिंत धरून चालत होते. महिना होत आला तरी जखम भरेना. संगीता रोज सांगायची, "सार, कातडीचा रंग बदलला, जखम भरेना, की थांबायचं नसतं." विनुतानंही धीर करून सांगून पाहिलं, "अप्पा, डॉक्टरकडं जाऊं या. मी येतें."

"आयुधपूजा होऊं दे," हनुमंतराव म्हणाले.

आईचं 'लग्न होऊं दे', बापाचं 'पूजा होऊं दे'. काटकरांच्या घरी दुखण्यालासुद्धा मुहूर्त लागायचा.

आता ही पूजा काय, ते सांगायला हवं. खंडेनवमीला सारं तंजावर आयुधं पुजतं. रिक्षांना चंदनाचे ठिपके, बसच्या काचेला कुंकू, शिवणयंत्राला हार. काटकरांच्या घरी एक तलवार होती, मूठ तांब्याच्या तारेनं बांधलेली, पातं असं की त्यानं भोपळाही कापला नसता. तिची पूजा व्हायची, आणि तिच्या पाठोपाठ घरातल्या थोरल्याच्या पायाची. खरंच! घोडेस्वाराचा पाय म्हणजे आयुधच, नाही कां? पाय पाटावर घ्यायचा, हळद आणि शिकेकाई लावून काथ्यानं घासायचा, तिन्ही गाठींना चंदन-कुंकू लावायचं, घोट्याला मोगऱ्याचा गजरा बांधायचा आणि ओवाळायचं. वर्षातून तेवढा एक दिवस हनुमंतराव चारचौघांत बसत.

त्या वर्षी पंधरावीस माणसं जमली होती. एका अंगाला नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्या, त्यांवर मांडलेल्या बाहुल्या, नैवेद्याच्या सुंडलाची, म्हणजे उसळीची, पातेली. मधोमध पाटावर पाय. अंबाबाई काथ्या घेऊन बसल्या खऱ्या, पण जखमेपाशी आल्या की त्यांचा हात मागं यायचा. हे तुकोजीकाकांना खपेना. तुकोजीकाका म्हणजे हनुमंतरावांचे चुलते, शहात्तर वर्षांचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्या जगाला कामाला लावणारे. नस त्यांच्याही पायावर होती, पण उजव्या, म्हणून घराण्यात तिला दुय्यम मान.

"अगं, कुरवाळतेस काय मांजरासारखं? शस्त्राला गंज चढलाय, दिसत नाही कां? आण इकडं!" काकांनी काथ्या हिसकावून घेतला आणि कढई घासावी तसा घोटा घासला.

खपली निघाली. त्याबरोबर नसेतून रक्ताची बारीक, सरळ धार उडाली ती तलवारीवर, तिथून सुंडलाच्या पातेल्यावर. दुखलं काही नाही. हनुमंतराव नुसते बघत राहिले.

अशा वेळी शहाणी माणसं काय करतील? ही शहाणी माणसं आरती घेऊन धावली! "आयुध जागं झालं!" तुकोजीकाका ओरडले, "आयुधानं रक्त दिलं रे! ओवाळा, ओवाळा!" कुणी घंटा बडवायला लागलं, दोन बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली, एकानं मोबाइल काढला. आणि हनुमंतराव? चारचौघांत असा चमत्कार झालेला, बसून कसं राहायचं? ते उठून ताठ उभे राहिले. उभं राहिल्याबरोबर धार दुप्पट झाली. पायाखालच्या पाटावर थारोळं झालं, पाटावरून ते जमिनीवर आलं, आणि ते आपले हात जोडून हसतायत. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथं पिळातूनच रक्त वाहात होतं.

मग त्यांच्या कपाळाला घाम फुटला, ओठ पांढरे पडले, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"अप्पा, आडवे व्हा!" विनुता माणसं ढकलत पुढं आली.

"उभं राहूं दे मला, लोक..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. काखेत हात घालून बापाला सरळ जमिनीवर आडवं केलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवला, गजरा ओढून तोडला, दुपट्ट्याची घडी करून रक्ताच्या तोंडावर तळहातानं घट्ट दाबून धरली. "कुणीतरी एकशेआठला फोन लावा. ती घंटा बंद करा आधी!"

"कापीची पूड भरूं या कां त्यांत?" तुकोजीकाका डबा घेऊन आले.

"काका, हात लावाल तर बघा!" विनुता असं कडाडली की काकांच्या हातून डबा पडला. आठ वर्षांत त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

पंधरा मिनिटं तिनं हात हलवला नाही, दर क्षणाला उचलून बघितलंही नाही. अँब्युलन्स बोळाच्या तोंडाशी यायच्या आत रक्त थांबलं होतं. अंबाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. रडता रडता त्यांनी विचारलं, "तुला हें सगळं कसं ग ठाऊक?" विनुता म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी मला शिकवून ठेवलं होतं, आई. माझ्यावर अशी वेळ आली तर म्हणून." अंबाबाईंचा हुंदका तिथंच थांबला. लेकीच्या पायाकडं त्यांनी बघितलं आणि मग कितीतरी वेळ त्या तिच्या तोंडाकडं बघूं शकल्या नाहीत.

दुसरा दिवस दसऱ्याचा. दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी कापसानं पायावरचं वाळलं चंदन पुसून काढलं.

"हें काय लावलंय?"

"पूजा केली होती," हनुमंतराव म्हणाले.

"कशाची?"

"पायाची."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी पायाला शेण लावलेलं पाहिलं होतं, तंबाखू बांधलेली पाहिली होती. आरती ओवाळलेला पाय पहिलाच. त्यांनी हसू गिळलं आणि हनुमंतरावांना यंत्राशेजारी उभं केलं. पोटरीवर थंडगार चिकट काहीतरी लावून, यंत्राचा दांडा फिरवून पडद्यावर दाखवलं. वर चढलेलं रक्त झडप लागत नसल्यामुळं परत खाली येत होतं. पुन्हा चढत होतं, पुन्हा खाली. हनुमंतराव टक लावून बघत होते. तपासणीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि बाहेरच्या बाकांवर तुकोजीकाकांसकट निम्मं घराणं बसून मान लांब करकरून बघत होतं. शेवटी घराण्याचा पाय होता तो, सगळ्यांचा हक्क!

"हें घोड्यावर बसून बसून होतं ना, डॉक्टर?" हनुमंतरावांनी विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती.

"तुम्ही घोड्यावर बसतां?"

"मी नाही. पूर्वज."

"घोड्याचा काही संबंध नाही. बापाला असलं की लेकरांना व्हायचा संभव जास्त, एवढं खरं. त्यावर तुम्ही एकोणतीस वर्षं एका जागी उभे. पाय जड होत होता, सुजत होता, तेव्हाच यायचं. निदान रंग बदलला तेव्हा तरी! जखमेची वाट कशाला बघितलीत? काल तुमच्या लेकीनं पाय वर करून दाबून धरला नसता, तर आज मी कुणाला तपासलं असतं? लेझरनं ती नस बंद करूं. जखम भरायला मात्र महिने जातील, आणि मोजे घालावे लागतील."

"नस बंद करायची?" हनुमंतराव दचकले. "ती घराण्याची आहे हो."

"म्हणून तर विचारतें. घरात आणखी कुणाकुणाला आहे?"

ह्या प्रश्नाला हनुमंतराव जन्मभर तयार होते. बोटांवर मोजत त्यांनी सांगितलं, "आजोबा. वडील. दोन चुलते. त्यांतले एक हे काय, बाहेर बसलेत."

"आणि बायकांत?"

"आमच्यांत बायकांना होत नाही ती."

अंबाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग विनुता भिंतीपासून पुढं आली, खुर्चीवर पाय ठेवून तिनं सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. डॉक्टरीणबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "अगं, तूं ती पापनाशमची टीचर ना? घरच्यांना घेऊन ये म्हटलं होतं मी तुला."

हनुमंतरावांनी पाहिलं. घोट्याच्या आतल्या अंगानं निघालेली, निळीहिरवी, वळसे घेत गेलेली. गाठीसुद्धा त्याच जागी. घोट्याच्या वर कातडीला किंचित तपकिरी झाक यायला लागलेली. तो रंग कशाचा, हे आता त्यांना कुणी सांगायला नको होतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं तंजावरातल्या येईल त्या पाहुण्याला वेष्टी उचलून पाय दाखवला, त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल?

"दार लाव," ते कुजबुजले. "दार लाव आधी, बाहेर आपली माणसं बसलीत."

विनुतानं सलवार खाली केली नाही. "तुमचा पाय दाखवतांना उघडंच होतं की, अप्पा," ती म्हणाली. "मी आठ वर्षं लावूनच ठेवलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तोच हनुमंतरावांना सोसेना. राग असता तर त्यांनी वर राग चढवला असता. त्या बाबतीत ते तरबेज होते. त्यांनी भिंतीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आपल्या पुसलेल्या, उघड्या पायाकडं बघितलं. मुलींना होत नाही म्हणून आपण हसलो होतो, आणि ही चव्वेचाळीस किलोची पोर समोर उभी होती, हे त्यांना एकदम आठवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसूं नयेत म्हणून त्यांनी मान खाली घातली. ती जन्मात पहिल्यांदाच खाली गेली होती.

"काय झालं रे, हनुमंता?" बाहेरून तुकोजीकाकांनी हाळी दिली. "काय म्हणतायत डॉक्टर?"

अंबाबाईंनी घाईघाईनं नवऱ्याला खूण केली, काही नाही म्हणून सांगा. त्रिचीच्या स्थळाच्या मावसबहिणीची जाऊ त्याच बाकावर बसली होती.

हनुमंतरावांनी खूण पाहिली. मग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकूं जाईल अशा दुकानातल्या आवाजात ते म्हणाले, "आजार आहे, काका. घराण्याचा आजार. मला आहे, तुम्हांला आहे, आणि माझ्या लेकीला आहे. तिचं आधी करायचं ठरलंय."

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दांडा पुसला आणि विनुताला शेजारी उभं राहायला सांगितलं. तिनं पर्स आईच्या हातात दिली, चपला काढल्या आणि यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली. दार लावायला कुणी उठलं नाही.